निद्रा आणि कोवळे मन

चंद्रपुराहून ताडोबाच्या अरण्याकडे निघालेली सडक मोहर्ली या गावी येऊन पोहोचते. एका अंगास इरई धरणाचा विस्तीर्ण जलाशय, दुसऱ्या अंगास साग आणि बांबू यांचे दाट रान, आणि या दोहोंच्या मध्ये हे लहानसे गाव वसलेले आहे. १९५५ साली ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे १९९५ साली अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प बनला. तेव्हापासून मोहर्लीची ओळख व्याघ्रदर्शनास जाणाऱ्यांचे प्रवेशद्वार अशी होत गेली. हे द्वार पहाटे उघडते. त्यामुळे वाटाडे, जिप्सीचे चालक आणि निवासांतील स्वयंपाकी यांच्या घरी चार वाजताच चूल पेटते. रात्री पाहुण्यांची जेवणे उरकून घरी परतणाऱ्यांना दहा-अकरा सहज वाजतात. गावाची रात्र अशी दोन्ही टोकांनी कापली जाते. आणि घर एका खोलीचे असले म्हणजे वडिलांचे उठणे हे मुलांचेही उठणे होते.

शेतकऱ्यांच्या घरची गत याहून फारशी वेगळी नाही. पीक दाण्यावर आले की रानडुकरांपासून त्याचे रक्षण करण्यासाठी शेतात जागल करावी लागते. मचाणावर बसून डबे वाजवीत आणि शेकोटी पेटती ठेवीत रात्र काढावयाची, हा नेम या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बापाबरोबर थोरला मुलगाही पुष्कळदा जातो. दिवाळी सरली की झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेच्या कोंबड्याबरोबर संपते. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, यावरून तिची थोरवी ध्यानी यावी. वर्षातून दोनचार रात्री नाटकासाठी जागल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या अपुऱ्या झोपेने.

सातवी-आठवीत शिकणारा एखादा मुलगा घेऊ. गेल्या वर्षापर्यंत तो हसतमुख होता. आता लहानसहान गोष्टींवरून बहिणीशी भांडतो. गुरुजींनी विचारले म्हणजे उत्तर येत असूनही त्याला सुचत नाही. खेळात मन रमत नाही, आणि सायंकाळी उगाचच रडू आल्यासारखे होते. घरची माणसे म्हणतात, मुलगा हट्टी झाला. शेजारी म्हणतात, वयच तसे आहे. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असेल. परंतु हा मुलगा रात्री किती वाजता निजतो, किती वेळा जागा होतो आणि सकाळी त्याला कोण उठवते, एवढे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

निद्रा म्हणजे केवळ विश्रांती, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आपल्या प्राचीन वैद्यांनी तिला याहून मोठे स्थान दिले होते. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाला तोलून धरणारे तीन उपस्तंभ मानले आहेत. तथापि झोपेत मेंदू नेमके काय करतो, हे कळावयास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी असे दाखविले, की निजलेल्या माणसाचे डोळे ठराविक काळाने मिटल्या पापण्यांआड वेगाने हलू लागतात. अशा वेळी त्यास जागे केल्यास तो बहुधा स्वप्न पाहत असल्याचे सांगतो. म्हणजे ज्याला आपण गाढ विसावा समजत होतो, त्यातही मेंदूचा कारभार मोठ्या धामधुमीने चालू असतो.

पुढील शोधांवरून निद्रेची रचना अधिक स्पष्ट झाली. सुमारे नव्वद मिनिटांची एक फेरी, अशा चारपाच फेऱ्या एका रात्रीत होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ निद्रेचा अंश मोठा असतो. शरीराची वाढ घडवून आणणारा संप्रेरकरस मुख्यतः याच वेळी स्रवतो. उत्तररात्रीच्या फेऱ्यांत स्वप्ननिद्रेचा अंश वाढत जातो. दिवसभरात मनावर झालेल्या आघातांची धार बोथट करण्याचे काम या स्वप्ननिद्रेत होत असावे, असे पुष्कळ संशोधक मानतात. यातून एक गोष्ट उघड होते. जो मुलगा आठ तासांऐवजी सहाच तास झोपतो, त्याची केवळ पाव निद्रा बुडाली असे म्हणता येत नाही. पहाटे लवकर उठविल्यामुळे ती तुटली असेल, तर बुडालेला भाग बहुतांशी स्वप्ननिद्रेचा असतो.

आता प्रश्न असा, की मुले लवकर का निजत नाहीत? या प्रश्नाच्या उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. १७२९ साली दे मेराँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूसारखे एक रोप अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्यप्रकाश मुळीच नसतानाही त्या रोपाची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. बाहेरचे दिवसरात्र कळण्याचा मार्ग बंद केला तरी वनस्पतीच्या आत काहीतरी वेळ मोजीत होते. असे अंतर्घड्याळ बहुतेक सर्व सजीवांत असते. ते पेशींच्या आत कसे चालते, हे उलगडून दाखविणारे हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या मेंदूत डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना ओलांडतात, त्याच्या नेमक्या वर हे घड्याळ वसलेले आहे. ते सुमारे वीस हजार पेशींचे असून तांदळाच्या दाण्याहूनही लहान आहे. सायंकाळी उजेड ओसरला की याच्या इशाऱ्यावरून मेंदूतील एक ग्रंथी मेलॅटोनिन नावाचा रस रक्तात सोडते, आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी पोहोचते.

ताडोबाच्या रानातील वाघ दिवसाचा बराचसा काळ सावलीत पहुडलेला असतो, आणि लंगूर अंधार पडताच झाडावर स्थिर होतो. ज्याचे त्याचे घड्याळ ज्याला त्याला योग्य. मनुष्याच्या बाबतीत विशेष हे, की त्याचे घड्याळ वयाबरोबर सरकते. लहान मूल सायंकाळीच पेंगते आणि पहाटे किलबिलू लागते. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास शरीरात तारुण्याची चाहूल लागली, की मेलॅटोनिनची वर्दी एक ते दोन तास उशिरा येऊ लागते. त्यामुळे ज्या मुलाला पूर्वी नऊ वाजता डोळे उघडे ठेवणे कठीण जाई, त्याला आता साडेदहापर्यंत झोपच येत नाही. याला आळस किंवा उर्मटपणा म्हणणे म्हणजे मिसरूड फुटल्याबद्दल मुलास दोष देण्यासारखे होय.

मग मोठ्या मुलांना झोप कमी लागते काय? पुष्कळ काळ सर्वांची समजूत अशीच होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकॅडन या विदुषीने १९७६ पासून उन्हाळ्यात एक निराळेच शिबिर भरविले. दहाबारा वर्षांची मुले तेथे येत, दिवसा खेळत आणि रात्री दहा तास अंथरुणात राहत. मेंदूचे तरंग टिपणारी यंत्रे त्यांच्या झोपेचे मोजमाप करीत. तीच मुले पुढील काही वर्षे पुन्हापुन्हा बोलावली गेली. वय वाढेल तशी झोप आठ तासांवर येईल, अशी संशोधकांची अटकळ होती. प्रत्यक्षात मोठी झालेली मुलेही नऊ तासांहून थोडी अधिकच झोपली. इतकेच नव्हे, तर तेवढीच झोप मिळूनही ती लहानपणापेक्षा दुपारी अधिक पेंगुळलेली आढळली. निजण्याची वेळ पुढे जाते, पण निद्रेची गरज घटत नाही. किशोरवयाची सारी अडचण या एका वाक्यात आहे. २०१६ साली अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप मिळावी असे ठरविले. मोहर्लीच्या एखाद्या घरातील हिशेब मांडून पाहिला, तर साडेदहा ते साडेचार हे सहाच तास होतात.

झोप तोडली असता मनाचे काय होते, याचे एक टोकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६३ सालच्या डिसेंबरात रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी न झोपण्याचा प्रयोग आरंभिला, आणि तो २६४ तास, म्हणजे पूर्ण अकरा दिवस जागा राहिला. त्याचे शरीर तग धरून राहिले. त्याआधी ढासळले ते त्याचे मन. तो चिडचिडा झाला, आठवण अडखळू लागली, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. असा प्रयोग पुन्हा कोणी करू नये, हे सांगणे न लगे. असले विक्रम नोंदविण्याचेही आता बंद झाले आहे. परंतु त्यातून दिसलेला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. निद्रानाशाचा पहिला घाव स्वभावावर पडतो.

असे का व्हावे? मेंदूच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचे एक केंद्र आहे. भीती आणि संताप यांची ठिणगी तेथे पडते. कपाळामागचा भाग त्या ठिणगीवर लक्ष ठेवून असतो. अमुक गोष्ट खरोखर भयंकर आहे की नाही, याचा निवाडा तो करतो. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांना सुमारे पस्तीस तास जागे ठेवून उद्वेगजनक चित्रे दाखविण्यात आली. झोपलेल्या तरुणांच्या मानाने त्यांचे ते बदामकेंद्र साठ टक्के अधिक भडकलेले आढळले, आणि कपाळामागच्या भागाशी असलेला त्याचा दुवा सैल पडलेला दिसला. राखणदार पेंगला म्हणजे रानडुकरांना शेत मोकळे होते, तसाच हा प्रकार. किशोरवयात मुळातच हा राखणदार पुरता तयार झालेला नसतो. तो पक्का होण्यास विशी उलटून जावी लागते. तेव्हा प्रौढास एक रात्र बुडाल्याने जेवढा त्रास होईल, त्याहून या वयात अधिक संभवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दहा ते एकोणीस या वयातील दर सात जणांमागे एकास कोणता ना कोणता मानसिक विकार जडलेला असतो. हे सर्व विकार अपुऱ्या झोपेतून उद्भवतात, असे मात्र कोणी समजू नये. घरातील दारिद्र्य, वियोग, छळ, परीक्षेचा धाक, आनुवंशिक कल, अशी त्यांची कारणे अनेक असतात. निद्रा आणि मन यांचे नाते दुहेरी आहे. झोप तुटली की उदासी आणि चिंता वाढतात. उदास आणि चिंताग्रस्त माणसास झोप येत नाही. आणि हे चक्र एकदा फिरू लागले की कोणते कारण व कोणता परिणाम हे सांगणे अवघड होऊन बसते. तथापि या चक्रात हात घालावयाचा झाल्यास झोपेच्या बाजूने घालणे पुष्कळदा सोपे जाते. उदास होऊ नकोस, असे म्हणून कोणाची उदासी जात नाही. त्याच्या झोपेची सोय लावणे मात्र घरच्यांच्या हाती असू शकते.

मोहर्लीसारख्या गावी या चक्रास आणखी एक आरा आहे, तो म्हणजे भय. सायंकाळी चितळाची आर्त हाक उठली, लंगूर खोकरू लागले, की वाघ जवळपास असल्याचे लहान मुलांनाही कळते. ज्याचे वडील त्या रात्री जागलीस गेले आहेत, त्या मुलाच्या डोळ्यास डोळा कसा लागावा? भयाने झोप लागली तरी ती हलकी असते. पान हलले तरी मोडते. घड्याळात आठ तास भरले आणि मूल तरीही सकाळी थकलेले उठले, असे होते ते यामुळे. झोपेची लांबी आणि झोपेची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निजावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, रात्रीतून वारंवार जाग येणे, आणि दिवसा वर्गात झापड येणे, या खुणा प्रत बिघडल्याच्या आहेत.

उन्हाळ्याने त्यात भर पडते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि नवतपाच्या दिवसांत भिंती मध्यरात्रीपर्यंत ऊन ओकत असतात. झोप लागण्यापूर्वी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. खोली तापलेली असली म्हणजे ते उतरत नाही. पूर्वी यावर अंगणात बाज टाकणे हा सोपा उपाय होता. बिबट्या आणि वाघ यांचा वावर असलेल्या गावांत आता तो जिवावरचा ठरतो. कूलर असला तरी वीज गेली की खोलीची भट्टी होते. अशा घरी सायंकाळी छपरावर आणि जमिनीवर पाणी मारणे आणि निजण्यापूर्वी मुलांनी अंगावर पाणी घेणे, एवढे तरी करता येते. ओल्या अंगावरील पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते आणि शरीर निजण्याजोगे थंड होते. दुपारी थोडी झोप काढावी. मात्र ती अर्ध्या तासाची असावी, नाहीतर रात्रीची भूक मेल्यासारखी रात्रीची झोप मरते.

सायंकाळच्या चहाविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याच्या साठ्याने पापण्या जड होतात. चहातील कॅफीन त्या द्रव्याची जागा अडवून बसते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे चारपाच तासांनंतरही शरीरात शिल्लक असते. म्हणून सहाचा चहा दहा वाजता जागाच असतो. भ्रमणध्वनीचे अपराध याहून ठाऊक आहेत. त्याच्या पडद्याचा निळसर उजेड मेलॅटोनिनची वर्दी लांबवितो. पण खरे पाहता उजेडापेक्षा त्यावरील मजकूरच मुलास जागे ठेवतो. एका चित्रानंतर दुसरे येतच राहते आणि थांबण्याची जागा कोठेच नसते. पुस्तकाला निदान प्रकरणे असतात.

शाळेची वेळ हाही या विषयाचा एक भाग आहे. २०१४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, असा सल्ला दिला. सिएटल शहराने २०१६ साली शाळेची वेळ पाऊण तासाहून अधिक पुढे नेली. मुले तेवढा वेळ उशिरा निजतील, अशी शंका पुष्कळांना होती. प्रत्यक्षात त्यांची झोप सुमारे चौतीस मिनिटांनी वाढली. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. निर्णय चांगलाच होता. गंमत एवढीच, की ज्यांचे घड्याळ निसर्गानेच मागे सरकविलेले असते, ती पाचवीपुढची मुले त्यातून बाहेर राहिली.

विदर्भात त्याला एक सबळ कारणही आहे. मार्चपासून दुपारचे ऊन सोसवत नाही, म्हणून शाळा सकाळी सातच्या सुमारास भरते. नेमक्या त्याच दिवसांत मोह फुलतो. मोहाची फुले उत्तररात्रीपासून गळू लागतात आणि सकाळपर्यंत झाडाखाली त्यांचा सडा पडतो. उशीर झाला तर हरणे, गुरे आणि अस्वले ती खाऊन टाकतात. म्हणून घरातील बायकामुले चार वाजता टोपल्या घेऊन रानात शिरतात. वाळविलेली फुले विकून आलेल्या पैशांवर घराचे काही महिने निघतात. त्यामुळे मुलांना नेऊ नका, असे सांगणाऱ्याने त्या पैशांची तजवीजही सांगितली पाहिजे. मुलगी चारला उठते, दोन तास वाकून फुले वेचते, सात वाजता वर्गात येते, आणि एप्रिलात तिची परीक्षा असते. ती बाकावर डोके टेकते तेव्हा तिच्यावर रागावणे सोपे आहे. पहिल्या तासाला गणित न ठेवता वाचन अथवा कवायत ठेवणे, हे त्याहून थोडेसेच अवघड आहे.

मुलाची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, खाणेपिणे सुटले, किंवा जगणे नको असे बोल त्याच्या तोंडून निघाले, तर मात्र झोपेच्या उपायांवर विसंबून राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा जिल्हा रुग्णालयात त्यास दाखवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री, कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते.

मोहाच्या बाबतीत एक साधी युक्ती मध्य भारतातील काही भागांत वापरली जाऊ लागली आहे. झाडाखाली जमिनीपासून काही हात उंचीवर जाळी बांधतात. रात्री गळणारी फुले मातीत न पडता जाळीत साठतात, गुरांच्या तोंडी सहसा लागत नाहीत, आणि स्वच्छ राहिल्याने त्यांस भावही बरा मिळतो. झाडाखालचा पाचोळा पेटविण्याचे कारण उरत नाही, त्यामुळे वणवाही टळतो. अशी जाळी बांधलेल्या घरातील माणसांना अंधारात, वाघाच्या वाटेवर जाण्याची निकड राहत नाही. ऊन वर आल्यावर मोठी माणसे जाऊन फुले उतरवून आणू शकतात, आणि चार ते सहा हे दोन तास मुलांच्या झोपेत जमा होतात.